जुना लॅपटॉप घेण्याआधी एफ-१ दाबून पाहा



हरभऱ्यावरची घाटेअळी, उसाची खोडकीड, गाय उलटते म्हणून काय करावे, अशी पत्रे या सदराकडे वर्षानुवर्षे येत आली आहेत. अलीकडे त्यांत एक निराळी जात मिसळू लागली आहे. मुलीला सीईटीचा अर्ज भरायचा आहे, मुलगा गोठ्याचा हिशेब ठेवू म्हणतो, ठिबकच्या अनुदानाचे कागद महाडीबीटीवर चढवायचे आहेत आणि मोबाइलच्या चिमूटभर पडद्यावर ते काही नीट होत नाही. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नाही, म्हणून तालुक्याच्या गावाहून जुना आणला. महिना-दोन महिने बरा चालला, आणि एके दिवशी काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येऊन तो थांबला. आता काय करावे? पैसे बुडाले का?

बहुतेक वेळा बुडालेले नसतात. यंत्र शाबूत असते, त्याची आतली मांडणी तेवढी विसकटलेली असते, आणि ती घरच्या घरी बसवता येते. मात्र एक प्रकार असा आहे की त्यात पैसे खरोखरच बुडतात. तो घेण्याआधी दोन मिनिटांत ओळखता येतो, घेतल्यानंतर मात्र हात चोळण्यापलीकडे काही उरत नाही. म्हणून आजचे हे पान त्या मांडणीसाठी, म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘सेटअप’ म्हणतात त्यासाठी दिले आहे.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. बटण दाबले की लगेच पाणी येते असे आपण म्हणतो, पण पेटीत प्रिव्हेंटर बसवला असेल तर तो आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो. एखादा गेलेला असेल तर मोटार उचलूच देत नाही. लॅपटॉपचेही तसेच आहे. विंडोज सुरू होण्याआधी यंत्राच्या मुख्य पट्टीवरच्या एका चिपमधला लहानसा कार्यक्रम जागा होतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क सापडते का, घड्याळ बरोबर चालते का, हे तो पाहतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. या कार्यक्रमाला ‘बायोस’ म्हणतात. हा शब्द गॅरी किल्डॉल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ साली प्रथम वापरला. आता त्याच्या जागी ‘यूईएफआय’ नावाची नवी पद्धत आली आहे, पण कारागीर आणि दुकानदार दोन्हींना बायोसच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

या कार्यक्रमाला काय सांगायचे ते पूर्वी हातानेच सांगावे लागे. आयबीएम कंपनीचा पहिला ‘पीसी’ १९८१ साली आला, त्याच्या पोटात बारीक बारीक खटके होते. मेमरी वाढवली की झाकण काढून खटके वरखाली करायचे. १९८४ साली त्याच कंपनीने ‘एटी’ नावाचा संगणक काढला. त्यात एक घड्याळाची चिप होती, तिला स्वतःची बॅटरी होती आणि तिच्या पोटात ६४ बाईट एवढी जागा होती. चौसष्ट बाईट म्हणजे चौसष्ट अक्षरे. आपल्या सातबाऱ्यावरची एक ओळसुद्धा त्यात धड मावणार नाही. तेवढ्यात घड्याळ आणि यंत्राची सगळी मांडणी बसवली होती. यंत्र मोठे झाले, जागा वाढली, पण घड्याळ आणि मांडणी यांची जी सोबत तेव्हा जमली ती अजून पुष्कळ यंत्रांत तुटलेली नाही. तुमचा लॅपटॉप अडतो त्याचे कारण बरेचदा या सोबतीतच असते.

प्रत्येक कंपनीचे पडदे निरनिराळे असतात. सगळ्यांचे वर्णन केले तर कोणालाच नीट कळणार नाही, तेव्हा एकच यंत्र समोर ठेवू. लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी-४३०, मॉडेल २०१२ सालचे. थिंकपॅड हे नाव मूळचे आयबीएमचे, १९९२ पासूनचे. २००५ मध्ये लेनोवोने तो धंदा विकत घेतला. ही यंत्रे मोठमोठ्या कार्यालयांनी घाऊक घेतली, मुदत संपल्यावर घाऊकच काढून टाकली, आणि ती जुन्या बाजारात आली. काळी, जाड, दणकट. दिसायला देखणी नव्हेत, पण कीबोर्ड उत्तम, बॅटरी बाहेरून काढता येते आणि भाग मिळतात.

यंत्र चालू करताच कंपनीचे नाव पडद्यावर उमटते. त्याच वेळी एफ-१ ही कळ दोन-चार वेळा दाबावी. उशीर झाला तर विंडोज सुरू होते, त्यात काही नुकसान नाही; पुन्हा ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाऊन’ करून पुन्हा चालू करण्यापेक्षा ‘रीस्टार्ट’च बरे, कारण विंडोज १० मध्ये शट डाऊन केलेले यंत्र पुष्कळदा पुरते बंद झालेले नसते, अर्धवट निजलेले असते.

आत गेल्यावर माऊस विसरावा. बाणाच्या कळांनी सरकायचे, एंटरने उघडायचे, एस्केपने मागे यायचे. किंमत बदलायला एफ-५ आणि एफ-६. केलेले बदल कायम करून बाहेर पडायचे असेल तर एफ-१०. वर ओळीने मथळे दिसतील: मेन, कॉन्फिग, डेट/टाइम, सिक्युरिटी, स्टार्टअप, रीस्टार्ट. नुसते पाहून बाहेर पडायचे असेल तर ‘रीस्टार्ट’ या मथळ्याखाली बदल टाकून देऊन बाहेर पडण्याची सोय आहे. तेव्हा पाहायला भिऊ नये. पाहिल्याने काही बिघडत नाही.

आत हात घालण्याआधी वही-पेन्सिल जवळ असावी. प्रत्येक पानावर समोर काय लिहिले आहे ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला हे काम द्यावे, ते आनंदाने करते. मोबाइलने फोटो काढले तरी चालतील. पण फोटो लग्नाच्या आणि वरातीच्या फोटोंत हरवतात, वही फडताळात राहते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, यंत्र चालू करून पाहावे, मगच दुसरी. खताच्या चाचणीत आपण एका वाफ्यात एकच फरक ठेवतो ना, तसे. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र अडले, तर कशाने अडले ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता विकत घेण्याची गोष्ट. दुकानदार विंडोज उघडून, गाणे लावून, झकास दाखवतो. ते पाहून झाल्यावर त्याला म्हणावे, “दादा, एकदा रीस्टार्ट करा, मला सेटअप बघायचंय.” जो कुरकुर करील त्याच्याकडून घेऊ नये.

‘मेन’ या पहिल्या पानावर यंत्राची जन्मपत्रिका असते. मॉडेलचा क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, प्रोसेसर कोणता, मेमरी किती. आठ जीबी मेमरी सांगितली असेल आणि इथे ४०९६ एमबी लिहिले असेल तर ती चारच आहे. या मॉडेलमध्ये मेमरीच्या दोन खाचा असतात आणि दोन्ही मिळून १६ जीबीपर्यंत घालता येते. पुढे वाढवायची असेल तर एक खाच रिकामी आहे का तेही विचारून घ्यावे. यंत्र उलटे करून तळाच्या चिकटपट्टीवरचा अनुक्रमांक पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर डबा एकाचा आणि आतली पट्टी दुसऱ्याची असण्याचा संभव आहे. मग भाव त्या मानाने करावा, किंवा उठून यावे. प्रोसेसरच्या नावात आय-५ नंतर ३३२० असा आकडा दिसेल. त्यातला पहिला तीन म्हणजे तिसरी पिढी. हे लक्षात ठेवण्याचे कारण पुढे येईल.

नंतर ‘सिक्युरिटी’ हे पान. इथे ‘पासवर्ड’ उघडले की ‘सुपरवायझर पासवर्ड’ अशी ओळ दिसते. तिच्यासमोर ‘डिसेबल्ड’ असे असले पाहिजे. तसेच ‘पॉवर-ऑन पासवर्ड’ आणि ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ यांच्यापुढेही. एफ-१ दाबल्याबरोबर कुलपाचे चित्र येऊन पासवर्ड मागितला गेला, किंवा पान उघडले पण ओळी फिक्या दिसून बदल होईनासे झाले, तर समजावे की आधीच्या मालकाने, म्हणजे एखाद्या कार्यालयाने, लावलेले कुलूप तसेच राहिले आहे.

माझ्या ओळखीच्या एका बागाईतदाराने मुलीच्या शिक्षणासाठी असेच एक यंत्र घेतले. दोन गाईंच्या महिन्याभराच्या दुधाचे पैसे त्यात गेले. विंडोज छान चालत होते, कोणाला काही संशय नव्हता. वर्षभराने डिस्क गेली. नवी डिस्क आणली, पेन ड्राइव्हवरून विंडोज घालायला घेतले, तर यंत्र पेन ड्राइव्हकडे पाहीना. सेटअपमध्ये जावे तर पासवर्ड. विक्रेता म्हणाला, “काका, मला काय माहीत, आमच्याकडे आलं तसंच दिलं.” कोणी सांगितले, आतला सेल काढून ठेवा, पासवर्ड आपोआप जातो. सेल काढला, रात्रभर ठेवला. घड्याळ तेवढे मागे गेले, पासवर्ड जिथल्या तिथे.

हा सेलचा उपाय गावोगाव सांगितला जातो म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहितो. साध्या टेबलावरच्या संगणकात किंवा फार जुन्या यंत्रात तो लागू पडतो, कारण तिथे पासवर्ड त्या बॅटरीवरच्या चिपमध्येच असे. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड निराळ्या चिपमध्ये असतो आणि तिला वीज लागत नाही. तो विसरला तर मुख्य पट्टी बदलावी लागेल, असे लेनोवो कंपनी स्वतःच आपल्या पुस्तिकेत सांगते. पट्टी बदलण्याचा खर्च काढला तर दुसरे जुने यंत्र परवडते. हार्ड डिस्कचा पासवर्ड त्याहून कडक. तो विसरला तर ती डिस्क आणि तिच्यातले सगळे गेले, मग ती डिस्क दुसऱ्या यंत्रात लावा की तिसऱ्या. त्या मुलीने पुढचे सगळे अर्ज बाजारच्या दिवशी रांगेत उभे राहून केंद्रावरूनच भरले.

म्हणून घरच्या यंत्राला स्वतःहूनही हे दोन पासवर्ड लावू नयेत. कार्यालयाला ते लागतात, तिथे ते लिहून ठेवणारा माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे ज्या पोराने लावला ते पोर पुण्याला कामाला जाते आणि दिवाळीला येते तेव्हा त्याला आठवत नाही. विंडोजचा पासवर्ड घरगुती वापराला पुरेसा आहे.

त्याच ‘सिक्युरिटी’ पानावर ‘अँटी-थेफ्ट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ अशी ओळ असते. चोरीला गेलेले यंत्र शोधून काढण्याची ती सोय आहे. तिची सध्याची स्थिती ‘नॉट ॲक्टिव्हेटेड’ असावी. ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसली तर ते यंत्र कोणाच्या तरी दप्तरी अजून नोंदलेले आहे असा अर्थ होतो, आणि असे यंत्र घरी आणू नये. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी, अनुक्रमांक घालून घ्यावी.

आता वळू काळ्या पडद्यावरच्या त्या दोन ओळींकडे. थिंकपॅडवर ०२७१ असा आकडा आणि पुढे तारीख-वेळ तपासा अशा अर्थाचे वाक्य आले, किंवा ०२५१ आणि पुढे ‘सीमॉस चेकसम बॅड’ असे आले, तर नव्वद टक्के दोष सेलचा आहे असे धरून चालायला हरकत नाही. हा सेल सीआर-२०३२ जातीचा, तीन व्होल्टचा. त्या नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. वजनकाट्यात, गाडीच्या चावीतही हाच सेल असतो. लॅपटॉपमध्ये त्याला प्लॅस्टिकचे वेष्टण, दोन तारा आणि बारीक पिन जोडलेली असते, तेव्हा पिनसकट मागावा. किंमत फारशी नाही.

तो आताच का गेला? लॅपटॉपला विजेची तार लावलेली असेपर्यंत किंवा मोठी बॅटरी भरलेली असेपर्यंत घड्याळ त्यावर चालते, सेल स्वस्थ असतो. जुन्या यंत्राची मोठी बॅटरी मेलेली असते आणि काम झाले की आपण तार काढून ठेवतो. मग सगळा भार त्या इवल्याशा सेलवर पडतो. गोदामात वर्षभर पडून राहिलेल्या यंत्राचीही तीच गत.

सेल बदलायला यंत्र खोलावे लागते. बारीक स्क्रू आणि कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात, त्यामुळे हे काम कारागिराकडून करून घ्यावे. स्वतः करणारच असाल तर विजेची तार आणि मोठी बॅटरी दोन्ही आधी काढावीत. सेल बदलेपर्यंत काम अडले असेल तर एफ-१ दाबून आत जाऊन ‘डेट/टाइम’मध्ये तारीख घालावी. इथे एक खोड आहे. या पडद्यावर आधी महिना, मग दिवस, मग वर्ष, अशी अमेरिकन रीत आहे. पाच जून लिहायचा तर ०६ आधी आणि ०५ नंतर. आपल्या रीतीने लिहिला तर सहा मे होतो आणि यंत्र निमूट मान्य करते. दिवस तेरा किंवा पुढचा असला तर तेवढे ते अडून बसते. वेळ चोवीस तासांची असते. दुपारचे तीन म्हणजे १५.

तारीख चुकली तर एवढे काय बिघडते, असे वाटेल. बिघडते ते असे. बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ उघडताना तुमचा लॅपटॉप त्या स्थळाचे ओळखपत्र तपासतो. त्या ओळखपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. यंत्राचे घड्याळ २०१२ साल दाखवत असेल तर त्याच्या दृष्टीने आजचे ओळखपत्र अजून जन्मालाच आलेले नाही. मग ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ अशी लाल सूचना येते आणि सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, काहीच उघडत नाही. अर्जाची शेवटची तारीख आणि पडद्यावर ही सूचना, अशा वेळी माणूस घाबरून भलतेच काही करतो. आधी खालच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. नेट असले की विंडोज घड्याळ स्वतः लावून घेते हे खरे, पण तारीख वर्षानुवर्षे मागे गेली असेल तर त्याला ते नेहमी साधत नाही.

०२५१ आल्यावर आणखी एक गोष्ट घडते. घड्याळाबरोबर मांडणीही पुसली जाऊन कारखान्यातून आली तशी होऊ शकते. सेल नवा घातला तरी विंडोज सुरू होत नाही, अशी तक्रार येते ती यामुळे. अशा वेळी ती वही कामाला येते.

वहीत मुख्यतः दोन नोंदी पाहायच्या. एक ‘स्टार्टअप’ पानावरची ‘यूईएफआय/लिगसी बूट’ ही ओळ. डिस्कवर विंडोज कोणत्या पद्धतीने घातले आहे त्याच्याशी ती जुळली पाहिजे. मूळ विंडोज ७ असलेली यंत्रे पुष्कळदा ‘लिगसी’ पद्धतीची असतात. ‘बोथ’ असे ठेवले तर दोन्ही चालते. इथे नुसते ‘यूईएफआय ओन्ली’ झाले असेल तर डिस्क धडधाकट असूनही यंत्र तिला ओळखत नाही. दुसरी नोंद ‘कॉन्फिग’ पानावरच्या ‘सीरियल एटीए’खालची, तिथे ‘एएचसीआय’ असेल तर तेच राहू द्यावे. ते बदलले तर निळा पडदा येतो. या दोन्ही ठिकाणी पूर्वीची किंमत परत घातली की विंडोज पूर्ववत चालते, आतली माहिती जात नाही. हे न कळल्यामुळे कितीतरी जण डिस्क कोरी करून नव्याने विंडोज घालून घेतात आणि पोराबाळांचे फोटो, हिशेब घालवून बसतात.

एफ-९ दाबले की सगळी मांडणी मूळ पदावर जाते. गोंधळ झाला की एफ-९ दाबा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण ‘रीस्टार्ट’ पानावर ‘ओएस ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ अशी ओळ आहे. ती चालू असेल तर एफ-९ यंत्राला विंडोज ८ च्या पद्धतीला, म्हणजे ‘यूईएफआय ओन्ली’ला नेऊन बसवते. तेव्हा एफ-९ दाबण्याआधी ही ओळ बंद आहे की चालू ते पाहावे.

‘स्टार्टअप’मध्येच ‘बूट’ नावाचा क्रम असतो. विंडोज शोधायला यंत्राने आधी कुठे पाहावे, मग कुठे, त्याची ती यादी. घरच्या वापराला डिस्क सर्वांत वर असावी. पडद्यावर ‘पीएक्सई-ई६१’ असे काही आले आणि केबल तपासा असे म्हणाले, तर इंटरनेटची तार शोधत बसू नये. यंत्र डिस्क सोडून नेटवर्कवरून सुरू होण्याची खटपट करते आहे एवढाच त्याचा अर्थ. क्रम चुकला असेल तर तो दुरुस्त करावा. यादीत डिस्कचे नावच दिसत नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा गेली आहे. ते काम कारागिराचे. कधी कधी मात्र कारण फारच साधे असते. गाण्यांचा पेन ड्राइव्ह बाजूला खोचलेला राहतो आणि यंत्र त्यातच विंडोज शोधत बसते.

‘कॉन्फिग’मध्ये घरच्या उपयोगाची एक गंमत आहे. थिंकपॅडवर खालच्या रांगेत अगदी डावीकडे ‘एफएन’ ही कळ आणि तिच्या उजवीकडे ‘कंट्रोल’. बाकीच्या कीबोर्डवर कोपऱ्यात कंट्रोल असते. एमएस-सीआयटी शिकून आलेल्या मुलांचे बोट सवयीने कोपऱ्यात जाते आणि नक्कल काही होत नाही. मग कीबोर्ड खराब आहे अशी तक्रार. ‘कीबोर्ड/माऊस’ उघडून एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल करता येते. छापलेली अक्षरे अर्थातच तीच राहतात. काही मॉडेलांत ‘पॉवर’खाली विजेची तार जोडताच यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी ओळ असते. आपल्याकडे वीज रात्री दोन वाजता येते. ती ओळ बंद असावी, नाहीतर लॅपटॉप मध्यरात्री घर उजळून टाकील.

बाकी पुष्कळ ओळी आहेत, व्हर्च्युअलायझेशन, मेमरी प्रोटेक्शन वगैरे. त्या जशा आहेत तशा असू द्याव्यात. बायोसची नवी आवृत्ती घालण्याच्या फंदात तर उगाच पडू नये. ती घालताना बॅटरी भरलेली आणि तार जोडलेली, दोन्ही लागते, आणि मध्येच वीज जाऊन बॅटरीनेही दगा दिला तर यंत्र पुन्हा उठत नाही. भारनियमनाच्या गावात मेलेल्या बॅटरीवर हे करणे म्हणजे पुरात बैलगाडी घालण्यासारखे आहे.

शेवटी तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरची राहिलेली गोष्ट. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची चिप लागते. टी-४३० मध्ये दोन्ही नाहीत. तरीही विक्रेता ‘विंडोज ११ घालून दिले आहे’ म्हणत असेल तर ते आडवाटेने घातलेले आहे, आणि पुढे केव्हा अडेल याची हमी त्याच्याकडे नाही. असे यंत्र टाकून द्यावे असे मुळीच नाही. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्यावर चांगली चालते; फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस त्यात असतात आणि मराठी टंकलेखनाची सोय करून घेता येते. आधी ती पेन ड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. त्यासाठी सेटअपमधला क्रम बदलण्याचीही गरज नाही. यंत्र चालू करताना एफ-१ ऐवजी एफ-१२ दाबावे आणि येणाऱ्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा. ही निवड तेवढ्या वेळेपुरती असते. डेलच्या यंत्रात सेटअपला एफ-२ आणि या यादीला एफ-१२, एचपीच्या यंत्रात एफ-१० आणि एफ-९, एसर व आसुसच्या बहुतेक यंत्रांत सेटअपला एफ-२.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांनी घड्याळाबाबत एक लक्षात ठेवावे. विंडोज सेटअपमधल्या घड्याळाला आपली स्थानिक वेळ समजते, लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवते. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज सुरू केले की वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. फरक नेमका साडेपाच तासांचाच असेल तर सेल चांगला आहे, तो बदलू नये.